अक्कांचा उलटा प्रश्न

"जेवलास का?" हा एकच प्रश्न अक्का दिवसातून शंभर वेळा विचारायच्या, आणि तोही चार भाषांत.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, एक जुना धर्मादाय दवाखाना आहे. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी खिडकी आणि खिडकीमागं अक्का. माणूस समोर आला की केसपेपर हातात घेण्याआधी त्या विचारणार, "जेवलास का?" तेलुगू घरातला असला तर "तिन्नावा?", अक्कलकोटकडून आलेला कानडी म्हातारा असला तर "ऊट आयता?", दखनी बोलणारी खाला असली तर "खाना खाए क्या?" लहानपणी आईचं बोट धरून त्या रांगेत उभा असताना मला वाटायचं, या बाई किती मायाळू! मायाळू त्या होत्याच. पण त्या प्रश्नात कामही होतं. साखर तपासायला आलेला माणूस उपाशीपोटी आहे की नाही, हे रक्त घेण्याआधी कळायला हवं. आणि "उपाशी आहात का" असं थेट विचारलं तर गरीब माणूस लाजेनं "नाही" म्हणतो, हे अक्कांना ठाऊक होतं.

सोलापुरात चार भाषा येणं याला कुणी विद्वत्ता मानत नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथले माग चालवले, त्यांच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. शेजारी विजापूर आणि गुलबर्गा, म्हणून कानडीही आहे आणि दखनीही. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले इथले चार हुतात्मे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. नुसती नावं वाचली तरी या गावाची वीण कळते. अक्कांनी चार भाषा कुठल्या वर्गात बसून शिकल्या नव्हत्या. त्या नळावर, मागावर आणि या खिडकीत शिकल्या.

त्यांची दुसरी एक सवय मात्र मला मोठेपणी खटकायला लागली. औषधं कशी घ्यायची ते सांगून झालं की त्या केसपेपर परत देत नसत. हातात घट्ट धरून ठेवायच्या आणि उलट विचारायच्या, "आता तू सांग मला. उद्या सकाळी उठून काय करणार?" समोरचा मान डोलवून निघायला बघायचा. अक्का कागद सोडायच्या नाहीत. मग तो अडखळत सांगायचा, चुकायचा, अक्का पुन्हा सांगायच्या, तो पुन्हा सांगायचा. रांग पार रस्त्यापर्यंत जायची. मी तेव्हा पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकत होतो. सुट्टीत आजीला घेऊन गेलो की त्या रांगेत उभा राहून मनात हिशेब करायचो, या एका उलट्या प्रश्नापायी माणसी दोन-तीन मिनिटं वाया जातात.

पुढं मी हिंजवडीत नोकरीला लागलो. एका दिवाळीच्या आधी डॉक्टरांचा फोन आला.

"अक्कांचे गुडघे गेलेत रे. फोन दिवसभर वाजतो. रात्री नऊला लोक विचारतात, गोळी जेवणाआधी का जेवणानंतर. तुमचं ते प्रश्नाला उत्तर देणारं यंत्र असतं ना, चॅटबॉट, ते आपल्याकडं बसवता येईल का? चारी भाषांत?"

मी हो म्हटलं. हो म्हणताना ऊर भरून आला होता. ज्या खिडकीतून आजीची औषधं घेतली, तिचं ऋण थोडंफार फिटेल असं वाटलं.

काम वाटलं त्याहून सोपं निघालं, आणि तिथंच मी पहिल्यांदा बेसावध झालो. आजकाल असं यंत्र उभं करायला सगळं पायापासून बांधावं लागत नाही. मोठी भाषिक मॉडेलं तयार मिळतात. बोललेलं लिहून घेणारी आणि लिहिलेलं बोलून दाखवणारी साधनंही मिळतात. २०२२ साली सुरू झालेल्या भाषिणी उपक्रमानंतर तर भारतीय भाषांसाठी हे बरंच सुकर झालंय. मी दवाखान्याची सगळी माहितीपत्रकं गोळा केली: कुठल्या वारी कुठले डॉक्टर, तपासण्यांच्या वेळा, मधुमेहाचा आहार, क्षयरोगाच्या गोळ्या, सरकारी योजनांची कागदपत्रं. त्यांचे छोटे छोटे तुकडे केले. प्रश्न आला की यंत्र आधी भाषा ओळखणार, प्रश्न इंग्रजीत नेणार, योग्य तुकडा शोधणार, त्यावरून उत्तर तयार करणार आणि ते पुन्हा विचारणाऱ्याच्या भाषेत आणून व्हॉट्सॲपवर धाडणार. मॉडेलानं मनचं काही सांगू नये म्हणून सक्त सूचना घातली: पत्रकात जे नाही ते बोलायचं नाही.

मग सोलापूर आडवं आलं.

पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, "पोट दुखालंय". यंत्राला "दुखतंय" माहीत होतं, "दुखालंय" नव्हतं. आम्ही इथं असंच बोलतो, पाऊस पडालाय, पोरगं रडालंय. पुस्तकातल्या मराठीवर वाढलेल्या यंत्राला हा प्रत्यय परका होता. मग कळलं की निम्मे लोक मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. तेलुगूत तर वेगळीच गाठ. मी मोठ्या हौसेनं तेलुगू लिपीत उत्तरं पाठवत होतो, आणि समोर घरात तेलुगू पण शाळा मराठी अशी माणसं होती. ती लिपी वाचणार कोण? म्हणून तेलुगू उत्तरं मी आवाजात पाठवायला लागलो. दखनीत कुणी विचारलं, "मेरेकू बीपी की गोली होना", तर यंत्र हिंदीतला "होना" धरून गोंधळायचं. दखनीत "होना" म्हणजे "हवी", आणि "नक्को" हा तर आपला "नको"च. एकेक शब्द मी यंत्राला शिकवत गेलो.

एकदा अक्कांनीच एक चूक पकडली. दखनी बोलणाऱ्या एका माणसानं विचारलं होतं, "परसों से खाँसी है, क्या करना?" यंत्रानं दोन दिवसांचा खोकला धरून गरम पाणी प्या, असं सांगितलं. अक्का उत्तर वाचून खुर्चीतून उठल्याच.

"अरे, यांचं परसों म्हणजे दोन दिवस नव्हे. परसों म्हणजे मागं कधीतरी. महिनाही असंल."

"मग तुम्ही कसं ओळखता?"

"ओळखत नाही. विचारते. परसों म्हणजे ईदच्या आधी का नंतर?"

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की थुंकी तपासायची, हा क्षयरोगाचा पहिला नियम. एका शब्दानं तो माणूस नियमाच्या बाहेर राहिला असता. मी अक्कांचे आभार मानले आणि "परसों"ची दुरुस्ती यंत्रात केली. शब्द दुरुस्त केला. अक्कांनी सांगितलं होतं ते वेगळंच होतं, पण तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं.

अजून एक गोष्ट मी केली, आणि ती अगदी मनापासून केली. यंत्राची उत्तरं फार पुस्तकी येत होती. संस्कृत शब्दांनी जड झालेली मराठी, तशीच कानडी, तशीच तेलुगू. माझ्या आजीला न कळणारी भाषा या यंत्रानं बोलू नये, असं मला वाटलं. म्हणून एक सूचना वाढवली: घरात बोलतात तसं बोल, अवघड शब्द टाळ, रोजचे शब्द वापर. उत्तरं एकदम मऊ झाली. तेलुगू उत्तरं तपासायला माझा एक सहकारी होता, हैदराबादचा. त्यानं पंचवीस-तीस उत्तरं ऐकली आणि म्हणाला, माझी आई बोलते तसंच बोलतंय हे.

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा झाली, नंदीध्वज मिरवले, गड्ड्याची जत्रा उठली आणि आमचं यंत्र सुरू झालं. सगळ्यात जास्त प्रश्न येत ते वेळांचे आणि पैशांचे. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार दर महिन्याला पैसे देतं. २०१८ पासून ते ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते खात्यात कधी येणार, कुठलं पासबुक लागतं, ही उत्तरं यंत्र चारी भाषांत बिनचूक देत होतं, रात्री बारालासुद्धा. प्रत्येक उत्तराखाली मी विचारत होतो, "समजलं का?" आणि दोन बटणं होती, हो आणि नाही. पुण्यात बसून मी रोज ते आकडे बघायचो. बहुतेक सगळे हो. पडद्यावर हिरवंगार.

मार्चमध्ये गेलो तेव्हा अक्कांनी चहा सांगितला आणि विचारलं, "हे तुझं यंत्र परत विचारतं का रे?"

"विचारतं की. समजलं का, असं विचारतं."

"तसं नव्हे. समजलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो. दवाखान्यात नाही कोण म्हणणार? आपण अडाणी ठरू असं वाटतं. उलटं वदवून घेतं का, ते विचारते."

मी सांगितलं की त्यात फार वेळ जाईल, लोक कंटाळतील, बोलणं अर्ध्यात सोडतील. हे खोटं नव्हतं. अक्का पुढं काही बोलल्या नाहीत. बशी उचलून आत गेल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "ये. शनिवारची वाट बघू नको."

मी रात्रीची गाडी धरली.

खिडकीत अक्कांच्या समोर एक रुमाल सोडून ठेवला होता. त्यात क्षयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, न उघडलेल्या. आदल्या दिवशी सकाळी एक म्हातारी अम्मा त्या घेऊन आली होती. विडी कामगार, साठीच्या पुढची, घरात आयुष्यभर तेलुगू. तिचा दुसरा महिना चालू होता. क्षयाच्या साध्या प्रकाराला सहा महिने रोज औषध लागतं, पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. सुरुवातीचा काळ सगळ्यात नाजूक, कारण मध्येच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आणि ही अम्मा खिडकीत येऊन म्हणाली होती, "घे गं, मी आता खात नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. सरकारचा माल आहे, वाया कशाला घालवायचा?"

अक्कांनी विचारलं होतं, का खात नाहीस?

"मीरे चेप्पिन्रु गदा," अम्मा म्हणाली होती. तुम्हीच तर सांगितलंत.

मी नोंदी उघडल्या. नऊ दिवसांपूर्वी, संध्याकाळी सव्वासातला, तिच्या नातवाच्या फोनवरून तेलुगूत प्रश्न आला होता: बरं व्हायला मी काय काय टाळू? साधा प्रश्न, आणि पत्रकात त्याचं उत्तर होतं. औषधं चालू असताना दारू घेऊ नका, ती यकृताला बाधते. तंबाखू घेऊ नका. यंत्रानं बरोबर तुकडा शोधला होता. त्याचं तेलुगू केलं होतं. आणि माझ्या सूचनेप्रमाणं रोजचे शब्द वापरले होते. तेलुगूत दारूला पुस्तकी शब्द आहे, मद्यम्. बोलीत म्हणतात मंदु. आणि मंदु म्हणजे औषधसुद्धा. किंबहुना मंदु म्हणजे आधी औषध, मग दारू. यंत्र बोललं होतं, "मंदु, पोगाकु तीसुकोवद्दु." मंदु आणि तंबाखू घेऊ नका. यकृताचं वाक्य यंत्रानं सोपं करण्याच्या नादात गाळलं होतं.

खाली बटण दाबलेलं होतं. समजलं का? हो.

हैदराबादच्या माझ्या सहकाऱ्याला मी तिथूनच फोन लावला आणि ते उत्तर ऐकवलं. तो म्हणाला, बरोबरच आहे, दारू पिऊ नका. त्याच्या कानाला मंदु घेणं म्हणजे बाटली. मित्रांत बसून तो शब्द त्यानं तसाच ऐकलेला. पण जिनं जन्मात दारूला हात लावला नाही, जिच्या घरात मंदु हा शब्द आजारपणातच उच्चारला जातो, तिला दवाखाना कशाला सांगेल की दारू पिऊ नको? तिनं आपल्या आयुष्यात बसणारा अर्थ घेतला. भाषांतर तपासणाऱ्यानं भाषा तपासली होती. ऐकणारी कोण आहे ते कुणी तपासलंच नव्हतं.

दुपारी अक्का गुडघे दाबत उठल्या आणि म्हणाल्या, चल, तिच्या घरी जाऊ.

एक खोली, पुढं ओटा. विडी कामगाराच्या ओट्यावर एरवी काय असतं ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीत ते बघतच मोठा झालो. भिजवलेली टेंभुर्णीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्री, दोऱ्याची गुंडी, आणि बोलता बोलता न बघता वळणारी बोटं. या ओट्यावर सूप भिंतीला टेकून उभं होतं. कोरडं. रिकामं.

अम्मानं आम्हाला बसायला चटई टाकली. अक्कांनी विचारलं, काम बंद केलंस का गं? तिनं सांगितलं, पान-तंबाखू कारखान्यात परत देऊन आले. पोगाकु घेऊ नको म्हणाला ना तुमचा फोन. घ्यायचा नाही म्हणजे हातातही घ्यायचा नाही. पैशाची अडचण होईल, पण दवाखाना आपल्या भल्याचंच सांगतो.

माझी मान वर होईना. गोळ्या बंद झाल्या होत्या एका शब्दाच्या दोन अर्थांमुळं. आणि चूल अर्धी विझली होती ती तिच्या आज्ञाधारकपणामुळं. यंत्राच्या प्रत्येक शब्दावर तिनं विश्वास ठेवला होता, कारण ते अक्कांच्या खिडकीतून बोलतंय असं तिला वाटत होतं. तो विश्वास अक्कांनी तीस वर्षं बसून मिळवलेला होता. मी तो एका दुपारी यंत्राला जोडून टाकला होता.

मी हात जोडले. तेलुगू मला मोडकीतोडकी येते. म्हटलं, अम्मा, चूक माझी आहे. ती गोंधळून अक्कांकडं बघायला लागली. तिला वाटलं तिनंच काहीतरी चुकवलंय. अक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, मंदुचे दोन्ही अर्थ उलगडून सांगितले, आणि अम्मा तोंडाला पदर लावून हसली. मला? दारू? तिचं हसणं थांबेना, आणि मग खोकला आला, आणि तो खोकला बराच वेळ थांबला नाही. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी सरकारी क्षयरोग केंद्रात नेलं. थुंकी पुन्हा तपासली, औषध पुन्हा चालू झालं. नऊ दिवसांचा खंड होता. अजून लांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. विडीच्या कामाबद्दल मी डॉक्टरांना विचारलं, तर ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "तंबाखूची धूळ छातीला वाईटच. पण घरात पैसा आला नाही तर ती खाणार काय, आणि न खाता औषध पचणार कसं? ह्याला एका ओळीचं उत्तर नाही. तिच्याशी बसून बोलावं लागेल." आणि ते खरंच बसले, तिच्याशी, तिच्या सुनेशी. त्या बोलण्यात काय ठरलं ते त्या घरातलं आहे.

यंत्र मी त्याच रात्री बंद केलं होतं. कायमचं बंद करावं असंही मनात आलं. अक्कांनीच अडवलं. "रात्री नऊला फोन वाजणार तो वाजणारच. मी काय जन्मभर पुरणार आहे का? नीट कर."

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि खिडकीत अक्कांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. हातात वही. त्या काय सांगतात ते मला पाठ होतं. आता मी त्या काय विचारतात ते लिहायला लागलो. आणि तेव्हा दिसलं की त्यांची निम्मी उत्तरं हे प्रश्नच होते. "कधीपासून?" असं त्या विचारतच नसत. "गड्ड्याच्या आधी का नंतर?" असं विचारत. "गोळी घेतली का?" असं नाही. "पाकिटात किती उरल्यात, मोजून सांग." हो-नाही म्हणून सुटता येईल असा प्रश्न त्यांच्या तोंडून निघतच नव्हता. ज्याला मी वाया गेलेली तीन मिनिटं म्हणत होतो, त्या तीन मिनिटांत औषध खिडकीतून घरापर्यंत पोचत होतं.

वहीत पुढं एक यादी तयार झाली, दुहेरी शब्दांची. पहिलं नाव मंदु. हिंदीतला कल, जो काल पण आहे आणि उद्या पण. परसों. ही यादी कुणा भाषातज्ज्ञानं केली नाही. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी, इंजेक्शनच्या रांगेतल्या विडी कामगार बायका, अक्कलकोट रोडवरचा एक कानडी रिक्षावाला, यांनी मिळून केली. मी एकेक उत्तर त्यांना ऐकवायचो आणि विचारायचो, हे ऐकून तुम्ही घरी जाऊन काय कराल? चांगलं वाटतं का, बरोबर आहे का, असं विचारायचंच नाही, हे मी आता शिकलो होतो.

औषधाबद्दलची उत्तरं यंत्रानं त्या त्या वेळी रचायची, हे मी काढून टाकलं. ती आता ठरलेली आहेत, डॉक्टरांनी मंजूर केलेली, आणि चारी भाषांत अक्कांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली. यंत्राचं काम एवढंच, की योग्य ध्वनिमुद्रण शोधून पाठवायचं. वेळा, वार, कागदपत्रं, पैसे, हे सगळं ते पूर्वीसारखं स्वतः सांगतं. आणि "समजलं का"ची दोन्ही बटणं गेली. त्या जागी अक्कांचा आवाज येतो, उलटा प्रश्न घेऊन: आता तुम्ही सांगा, उद्या सकाळी काय करणार? माणूस बोलतो. यंत्र ते ऐकून ताडून बघतं. जुळलं तर ठीक. जुळलं नाही, किंवा जुळलं की नाही याची खात्री वाटली नाही, तर ते बोलणं दवाखान्यातल्या माणसाकडं जातं. सकाळी अक्का, संध्याकाळी नवी मुलगी, जी आता त्यांच्या हाताखाली शिकतेय.

पडद्यावरचं हिरवं पुष्कळ कमी झालं. काही लोक खरंच कंटाळून बोलणं अर्ध्यात सोडतात. मी म्हटलं होतं ते चुकीचं नव्हतं. तशा प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी फोन जातो. काम वाढलं. डॉक्टरांनी एकदाही त्याबद्दल तक्रार केली नाही.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, मी खिडकीत बसलो होतो. फोनवर एक आवाज आला. यंत्राला तो जुळवता आला नव्हता, म्हणून इकडं पाठवला होता. अक्कांनी फोन कानाशी धरला. मी वाकून ऐकायला लागलो. अम्मा होती.

रेपु पोद्दुन्ने एम् चेस्तवम्मा, उद्या सकाळी काय करणार, असं तिला अक्कांच्या आवाजात विचारलं गेलं होतं, आणि ती ते सांगत होती. पाचला उठणार. नळाला पाणी येतं, ते भरणार. मग चूल, नाही, आता गॅस आहे. नातू उठायच्या आत तोंड धुणार, आणि चहाच्या आधी, पाण्याबरोबर, सगळ्या गोळ्या एकदम, अक्कांनी सांगितल्या तशा. लघवी लाल-नारिंगी होते, त्याला आता भीत नाही, ते औषधाचंच आहे. मग सून कामाला जाईल. मग ती जरा वेळ ओट्यावर बसेल. पुढं ती सुनेच्या नोकरीबद्दल बोलली, पावसाबद्दल, नातवाला कुठला विषय जड जातो त्याबद्दल. साडेचार मिनिटं.

"ह्यातलं यंत्राला काय कळलं नाही?" अक्कांनी फोन कानावरून न काढता मला विचारलं.

"खूप लांब आहे, अक्का. गोळ्यांचं मध्येच कुठंतरी आहे."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं, सगळं. मग बोलायचं बटण दाबून फोन तोंडाजवळ नेला.

"तिन्नावा?" त्यांनी विचारलं.